जुने टाके, नवे नमुने: आजचं विणकाम समजून घेताना

मराठीत पैठणी विणतात, बाज विणतात, टोपली विणतात आणि स्वेटरही विणतात. चारही कामांना एकच क्रियापद पुरतं, आणि तिथेच एक मोठा फरक नजरेआड होतो. पैठणीत ताणा उभा, बाणा आडवा. दोन्ही धागे सरळ जातात आणि एकमेकांना खालून-वरून ओलांडतात. स्वेटरात सरळ धागा नावालाही नसतो. एका धाग्याचा फास, त्या फासातून ओढलेला दुसरा फास, त्यातून तिसरा, असं सगळं उभं राहतं. म्हणून पैठणी ताणली तर ताणत नाही आणि स्वेटर अंगाबरोबर पसरतो, पुन्हा आवळतो. म्हणूनच स्वेटराचं शेवटचं टोक सोडवून ओढलं की सगळी लोकर परत गुंड्यात जमा होते.

हे फास दोन प्रकारचे. नवा फास जुन्या फासातून मागून पुढे ओढला तर सुलट टाका, पुढून मागे ढकलला तर उलट. सुलट टाका इंग्रजी व्हीसारखा दिसतो, उलट टाका आडव्या गाठीसारखा. नीट पाहिलं तर सुलट टाक्याची पाठ म्हणजेच उलट टाका. म्हणजे मुळात टाका एकच, तुम्ही कुठल्या बाजूने बघता एवढाच प्रश्न. जगभरातलं सुयांवरचं विणकाम या एका टाक्यावर चालतं. बाकी सगळं म्हणजे तो टाका कमी करणं, वाढवणं, सरकवणं, दुसऱ्यावरून ओलांडून नेणं, किंवा त्याचा रंग बदलणं.

हे एवढं सांगायचं कारण औंधला राहणारी माझी भाची. दर पंधरा दिवसांनी ती मला एखादा फोटो पाठवते आणि विचारते, "मावशी, हे कसलं नवीन विणकाम आहे गं? येईल तुला?" रॅव्हलरी हे विणकरांचं संकेतस्थळ 2007 साली सुरू झालं, आणि तेव्हापासून आइसलँडचा नमुना पुण्यात बसून विकत घेता येतो. फोटोतले नमुने खरोखर डोळे दिपवणारे असतात. पण मी फोटो मोठा करून टाके बघते, आणि बहुतेक वेळा आत एखादी शे-दीडशे वर्षांची जुनी युक्ती सापडते. ती युक्ती कुणीतरी थंडीसाठी, वाऱ्यासाठी, झिजलेल्या मनगटासाठी काढलेली असते. आजचा डिझायनर ती उचलतो आणि वेगळ्याच कामाला लावतो. ती मूळची अडचण कळली की नमुना कितीही अवघड दिसला तरी वाचता येतो, आणि तो पुण्यात वापरण्याजोगा आहे की नाही हेही ठरवता येतं.

टाचेतून निघालेली शाल

भाचीने पाठवलेला एक फोटो असा होता: चंद्रकोरीच्या आकाराची मोठी शाल, त्यात कलिंगडाच्या फोडींसारखे रंगीत तुकडे, एकेक तुकडा एका टोकाला निमुळता. अॅमस्टरडॅममध्ये राहणारे स्टीफन वेस्ट हे अमेरिकन डिझायनर अशा रंगीबेरंगी शालींसाठी प्रसिद्ध आहेत. तिला वाटलं, तुकडे वेगळे विणून जोडलेत. जोड एकही नव्हता. ती सरळसरळ मोज्याची टाच होती.

मोजा म्हणजे नळी. पण पाय घोट्यापाशी काटकोनात वळतो, नळी वळत नाही. यावर जुना उपाय असा, की टाचेच्या जागी ओळ पूर्ण विणायचीच नाही. निम्म्या वाटेवरून मागे फिरायचं, पुन्हा थोडं आधी फिरायचं. त्यामुळे टाचेकडच्या टाक्यांना जास्त ओळी मिळतात, बाकीच्यांना कमी. पोळी लाटताना लाटणं एकाच बाजूला जास्त फिरलं की ती बाजू पसरते, तसंच. मोज्यात हा जादा भाग फुगून टाचेची वाटी होते. सपाट शालीत त्याला फुगायचं कारण नसतं, म्हणून तो पाचरीसारखा बाजूला पसरतो आणि शाल आपोआप वळत जाते.

अर्ध्या ओळीतून फिरताना तिथे भोक पडतं. ते टाळायला हल्लीच्या नमुन्यांत बहुधा जर्मन पद्धत असते: फिरल्यावर पहिला टाका न विणता सरकवायचा आणि धागा असा ओढायचा की त्या टाक्याचे दोन्ही पाय सुईवर येतील. परत त्या जागी आलं की दोन्ही पाय एकत्र विणायचे. पहिल्यांदा करताना हे चुकीचंच दिसतं. तीन-चार वेळा केलं की हात स्वतःहून करतो.

रंग, आणि मधोमध चालवलेली कात्री

रंगीत विणकामात सगळ्यात गाजलेलं नाव फेअर आयलचं. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांमधलं हे एक चिमुकलं बेट. 1920च्या दशकात प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे पुढे आठवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राने, गोल्फ खेळताना तिथला स्वेटर घातला आणि ती फॅशन झाली. त्या स्वेटरात आठ-दहा रंग दिसतात, पण कुठल्याही एका ओळीत फक्त दोनच असतात. हे कळलं की निम्मी भीती जाते. ज्या रंगाची पाळी नाही तो धागा टाक्यांच्या मागून आडवा जातो. मागच्या या लोंबत्या धाग्यांमुळे कापड दुहेरी होतं, आणि थंड वाऱ्याच्या बेटावर तेच हवं होतं. नक्षी आणि ऊब एकाच कामात.

पुण्यात याचीच पंचाईत होते. जानेवारीत सकाळी सहाला सिंहगड चढायला निघालात तर असा स्वेटर सोन्याचा. गड उतरेपर्यंत तो कमरेला बांधलेला असतो. शिवाय लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: मागचे धागे लांब ठेवले तर बाही घालताना बाळाची बोटं त्यात अडकतात. म्हणून चार-पाच टाक्यांच्या पुढे धागा मोकळा सोडायचा नाही, मध्ये एकदा विणत्या धाग्याखाली दाबून घ्यायचा. दाबतानाही तो आवळायचा नाही. नवशिक्यांच्या रंगीत विणीला सुरकुत्या पडतात त्या याच आवळण्यामुळे. प्रत्येक रंगबदलापाशी उजव्या सुईवरचे टाके बोटाने पसरून घ्या, मग पुढे चला.

उलट टाक्यांच्या ओळीत दोन रंग सांभाळणं त्रासाचं. म्हणून शेटलंडच्या बायका स्वेटर गोल विणत, म्हणजे सुलट बाजूच कायम समोर. मग पुढून उघडं जाकीट हवं असेल तर? तर नळीच विणायची, मधोमध पाच-सात जादा टाक्यांची पट्टी ठेवायची, आणि शेवटी ती पट्टी कात्रीने उभी कापायची. इंग्रजीत या पट्टीला स्टीक म्हणतात.

मी हे केलं तेव्हा आमच्या कर्वेनगरच्या घरी शनिवारचा गट जमला होता. आम्ही सात-आठ जणी असतो, कॉलेजातल्या मुलीपासून सत्तरीच्या काकूंपर्यंत. पाच महिने विणलेला निळा-पांढरा स्वेटर टेबलावर पसरला. माझी लोकर ॲक्रिलिकची, म्हणजे कृत्रिम धाग्याची होती. शेटलंडच्या मेंढीची लोकर खरबरीत, तिचे तंतू एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे कापलेला टाका सहसा जागचा हलत नाही. ॲक्रिलिक गुळगुळीत, ते निसटतं. म्हणून आधी पट्टीच्या मधल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना शिलाई मशीनवर बारीक टीप घातली, दोन-दोनदा. मग शिवणाची कात्री घेतली. आईला ते बघवेना, ती उठून आत गेली. कात्री पहिल्या आडव्या धाग्यावर ठेवली तेव्हा माझाही हात क्षणभर थांबला. कर्रकन आवाज झाला, पहिला धागा तुटला, आणि काहीच झालं नाही. टाके जागच्या जागी. पुढचे दीडशे धागे पाच मिनिटांत कापून झाले. कापलेली कड आत दुमडून टाचली आणि मग आईला हाक मारली.

ज्यांना रंग हवा पण दुहेरी जाडी नको, त्यांच्यासाठी माझ्या मते पुण्याला सर्वांत योग्य प्रकार म्हणजे मोझेक. सरकवलेल्या टाक्यांचे नमुने आधीपासून होते. अमेरिकन लेखिका बार्बरा वॉकर यांनी त्यांची शिस्तशीर पद्धत बसवली आणि मोझेक हे नाव रूढ केलं. यात एका वेळी हातात एकच धागा. पांढऱ्याने दोन ओळी, जायची आणि यायची. मग निळ्याने दोन. निळ्या ओळीत जिथे पांढरा दिसायला हवा तिथला पांढरा टाका विणायचा नाही, नुसता एका सुईवरून दुसरीवर सरकवायचा. खालच्या ओळीतला पांढरा फास वर ओढला जातो आणि नक्षी तयार होते. मागे धागे जातात ते एक-दोन टाक्यांपुरतेच. कापड पातळ राहतं. सरकवलेल्या टाक्यांमुळे उंची मात्र कमी भरते, त्यामुळे ओळी जास्त घालाव्या लागतात, हे धरून चला.

पायऱ्या-पायऱ्यांची भौमितिक नक्षी मोझेकमध्ये उत्तम उतरते. आपल्या करवती काठाचे त्रिकोणी दाते त्यासाठीच घडवल्यासारखे आहेत. सध्या माझ्या सुयांवर तीच शाल आहे, सुती धाग्यात, मातकट लाल आणि काळा. सुताचं नाव काढलं की काही जणी नाक मुरडतात, विणकाम म्हणजे लोकरच असं त्यांना वाटतं. पण सुयांवर विणलेल्या ज्या जुन्यात जुन्या वस्तू हाती आल्या आहेत, त्यांत इजिप्तमधले साधारण 11व्या ते 14व्या शतकातले मोजे आहेत, आणि ते सुती आहेत, निळ्या-पांढऱ्या रंगीत नक्षीचे. आपल्या हवेत सुती विणणाऱ्याने अजिबात कमीपणा मानू नये.

चौकटीचा कागद

हल्लीचे नमुने बहुधा चार्टवर दिलेले असतात. एक चौकोन म्हणजे एक टाका. वाचायचं खालून वर, कारण विणकामही खालून वर वाढतं. सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे, उलट बाजूची डावीकडून उजवीकडे. गोल विणत असाल तर प्रत्येक ओळ उजवीकडूनच. ठिपक्यांची रांगोळी काढलेल्या माणसाला हे शिकायला एक दुपार पुरते.

यात एक खड्डा आहे. गटातल्या इंजिनीअरिंगच्या मुलीने गणिताच्या वहीत वीस बाय वीस चौकोनांत सुंदर कोयरी काढली, उशीच्या अभ्र्यासाठी. विणून झाली तेव्हा कोयरी बसकी, वरून कुणी दाबल्यासारखी. तिला वाटलं मोजण्यात चूक झाली. चूक वहीची होती. सुलट टाका चौकोनी नसतो, तो उंचीपेक्षा रुंद असतो. तिच्या लोकरीत इंचाला 5 टाके आणि 7 ओळी बसत होत्या. वीस टाके म्हणजे 4 इंच रुंदी, आणि वीस ओळी म्हणजे तीन इंचांहूनही कमी उंची. आम्ही मग कागदावर चौकोनांऐवजी उंचीत 7 आणि तेवढ्याच रुंदीत 5 बसतील असे आडवे आयत आखले. त्याच कागदावर पुन्हा काढलेली कोयरी विणल्यावर डौलदार आली. टोकाचा बाकसुद्धा.

गळ्याभोवतीचं गणित

आइसलँडचा स्वेटर, लोपापेय्सा, तुम्ही सिनेमात पाहिला असेल: गळ्याभोवती गोल नक्षीचं कडं, खांद्याला जोड नाही. पुरातन वाटतो. प्रत्यक्षात तो 20व्या शतकाच्या मध्यावर रूढ झाला. परंपरा म्हणून जे सांगितलं जातं ते कधीकधी आपल्या आजीपेक्षा लहान असतं, आणि त्यात काही वाईट नाही. त्याच्याही आधी, 1939 साली, स्वीडनमध्ये एम्मा याकोब्सन यांनी बोहुस स्टिकनिंग नावाचा उद्योग उभा केला होता. तिथल्या दगडफोड्यांचं काम मंदावलं होतं, त्यांच्या घरच्या बायकांना मिळकत हवी होती. त्यांच्या रंगीत नक्षीत मध्येच उलट टाके येतात, त्यामुळे एका रंगाचा ठिपका दुसऱ्यात मिसळल्यासारखा दिसतो, पाण्यात रंग उतरावा तसा. 1969 साली ते काम थांबलं. आज मऊ, धूसर रंगांचे जे गोल गळ्याचे स्वेटर दिसतात, त्यांत त्या बायकांचा हात आहे.

गोल गळ्याचं खरं कौतुक त्याच्या हिशेबात आहे. एलिझाबेथ झिमरमन (1910 ते 1999) या इंग्लंडमध्ये जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या विणकर बाईंनी तो इतका सोपा करून ठेवला, की नमुना विकत घेण्याचीही गरज उरू नये. त्यांचं म्हणणं असं: अंगाचे टाके म्हणजे 100 टक्के धरा. बाकी सगळं त्याच्या प्रमाणात.

समजा छातीभोवती 200 टाके आहेत. मनगटाला त्याचे 20 टक्के, म्हणजे 40. दंडाला 33 टक्के, म्हणजे 66. बगलेत अंगाकडून आणि बाहीकडून प्रत्येकी 8 टक्के, म्हणजे 16 टाके बाजूला काढून ठेवायचे, ते नंतर एकमेकांना जोडले जातात. अंग आणि दोन बाह्या एकाच गोल सुईवर घेतल्या की होतात 332. त्यातून बगलेचे चार वेळा 16, म्हणजे 64 गेले. उरले 268. आता गळ्यापर्यंत जायचं आहे, आणि गळा 40 टक्के, म्हणजे 80 टाक्यांचा.

268 वरून 80 वर तीनच ओळींत उतरायचं. पहिल्या ओळीत दोन टाके विणून दोन एकत्र करायचे: चारातला एक गेला, उरले 201. काही इंच साधं किंवा नक्षीचं विणून दुसरी ओळ: एक विणून दोन एकत्र, तिनातला एक गेला, उरले 134. तिसऱ्या ओळीत पाचातले दोन गेले: उरले 80. कागदावर मांडून बघा, बरोब्बर गळ्याशी येऊन थांबतं. आणि टाके फक्त तीन ओळींत कमी होतात म्हणून मधल्या रुंद पट्ट्या नक्षीला मोकळ्या मिळतात. तिथे लोक मासे, घुबडं, डोंगर काय वाटेल ते विणतात. वारलीतले दोन त्रिकोणांचे माणूस-बाई हातात हात घालून गळ्याभोवती फेर धरतात तेही फार छान दिसतं. आमच्याकडे एका काकूंनी नातवाला तसं विणलंय.

वेणी आणि जाळी

वेणीच्या विणीवर थोडंच सांगते. सहा टाके घ्यायचे, पहिले तीन तिसऱ्या छोट्या सुईवर काढून पुढे धरायचे, मागचे तीन आधी विणायचे, मग पुढचे. केस विंचरून पेड घालणं हेच. मागे धरले तर पेड उजवीकडे झुकतो, पुढे धरले तर डावीकडे. डावा आणि उजवा पेड शेजारी घालून, मध्ये साधे टाके सोडून, पुन्हा पेड घातला तर घुबडाचा आकार येतो. स्कॉटलंडच्या केट डेव्हिस यांनी गळ्याभोवती अशी घुबडं बसवली आणि डोळ्यांच्या जागी बटणं लावली. वेणी कापडाला आत खेचते, म्हणून कमरेची बॉर्डर संपल्यावर प्रत्येक वेणीखाली एक-दोन टाके वाढवा, नाहीतर स्वेटर अंगाला घट्ट होतो.

आयर्लंडच्या अॅरन बेटांवरच्या वेण्यांबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगतात: प्रत्येक घराण्याची वीण वेगळी, त्यावरून बुडालेल्या कोळ्याची ओळख पटे. ऐकताना घशाशी आवंढा येतो, पण त्याला आधार नाही. या वेण्यांचे स्वेटर तिथे 20व्या शतकाच्या सुरुवातीला दिसू लागले. 1904 सालच्या एका आयरिश नाटकात बहीण बुडून मेलेल्या भावाची ओळख पटवते हे खरं, पण ती पटवते मोज्यावरून: तिने स्वतः साठ टाके घातलेले असतात आणि चार टाके सुटलेले असतात, ते तिला आठवतं. मला तर घराण्याच्या विणीपेक्षा ही गोष्ट जास्त खरी वाटते. स्वतःच्या हातून सुटलेला टाका विणणारी कधी विसरत नाही.

जाळीची वीण म्हणजे ठरवून पाडलेली भोकं. धागा सुईवर नुसता वळसा घेऊन एक नवा टाका वाढवायचा, आणि संख्या तीच राहावी म्हणून शेजारी दोन टाके एकत्र करायचे. भोक कुठे आणि एकत्र केलेला टाका कोणत्या बाजूला झुकतो, एवढ्यावर पानं, लाटा, मोरपिसं होतात. शेटलंडच्या अन्स्ट बेटावरच्या शाली इतक्या तलम की अंगठीतून आरपार जात. आपल्या हवेला जाळी फार सोयीची: खांद्यावर असते आणि वाराही खेळतो.

पण जाळी सुईवरून उतरते तेव्हा चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसते. मूळ काम तिथून पुढे. शाल कोमट पाण्यात भिजवायची, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची, मग गादीवर चादर टाकून टाचण्यांनी ताणून लावायची आणि पूर्ण वाळू द्यायची. खरी लोकर ओली असताना जो आकार देऊ तो वाळल्यावर धरून ठेवते. मात्र आपल्या दुकानांत लोकर म्हणून जे मिळतं ते बरंचसं लुधियानाचं ॲक्रिलिक असतं, आणि ॲक्रिलिक पाण्याला दाद देत नाही. त्याला वाफ लागते. इस्त्री कापडावर न टेकवता इंचभर वर धरून वाफ द्यायची. ही वाफ एकदाच, आणि बेताने. जास्त झाली तर धागा कायमचा लुळा पडतो, परत येत नाही.

खऱ्या लोकरीतही जात असते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ. धनगरांच्या घोंगडीसाठी ती कातून, चिंचोक्याची खळ लावून मागावर विणतात, आणि पावसात घोंगडीसारखा आसरा नाही. तीच लोकर गळ्याशी आली तर टोचते. तिच्या पिशव्या, बैठका, भिंतीवरचे पट विणावेत. गळ्याला मेरिनो मेंढीची मऊ लोकर.

सुया, माप आणि सुताचं वजन

परदेशी नमुना घेतलात तर सुयांचा नंबर आधी तपासा. आईच्या डब्यातल्या ॲल्युमिनिअमच्या सुया जुन्या ब्रिटिश नंबरांच्या आहेत, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन नंबर वाढला की जाड होते. आपली 8 नंबरची सुई 4 मिलिमीटर, अमेरिकन 8 नंबर म्हणजे 5 मिलिमीटर. नंबर विसरा, मिलिमीटर बघा.

आणि माप बघायला आधी नमुन्याचा छोटा तुकडा विणा. सगळ्यांना कंटाळा येतो, मलाही यायचा. पण हिशेब बघा: नमुन्यात इंचाला साडेपाच टाके सांगितलेत आणि तुमच्या हाताने पाचच बसतायत. अर्धा टाका काय मोठा! तर 200 टाक्यांना नमुन्याप्रमाणे छाती येईल साधारण साडेछत्तीस इंच, आणि तुमची येईल 40.

सुती विणत असाल तर तुकडा धुवा, वाळवा आणि खाली चार कपड्यांचे चिमटे लावून दोन दिवस टांगून ठेवा. मी पहिलं सुती जाकीट विणलं ते पाऊण किलोच्या आसपास भरलं. तुकडा टेबलावर मोजलेला, टांगलेला नाही. दोन धुण्यांत ते तीन इंचांनी लांबलं, बाह्या बोटांवर आल्या. लोकरीच्या तंतूला जन्मतःच कुरळेपणा असतो, ताणला तरी तो परत येतो. सुताला ती सवय नाही, आणि स्वतःचं वजनच त्याला खाली ओढतं. तेव्हापासून सुती विणताना सुई एक नंबर बारीक घेते, लांबी दोन इंच कमी धरते आणि जाकीट कधी हँगरला लावत नाही, घडी करून ठेवते.

मनगटाकडे संपणारी बाही

शेवटची युक्ती माझी सगळ्यांत आवडती. ब्रिटनच्या किनाऱ्यावरचे कोळी गॅन्सी नावाचा स्वेटर घालत. घट्ट पिळाचा धागा, बारीक सुया, वारा आत येणार नाही अशी दाट वीण. त्यात बगलेत चौकोनी तुकडा विणलेला असे, म्हणजे जाळं ओढताना हात वर केला तरी अंग उचललं जाणार नाही. आपल्या जुन्या सदऱ्याच्या बगलेत चौबगळा असायचा, तो याच कामासाठी. आजच्या अनेक नमुन्यांत बगलेत हा तुकडा परत आलाय, आणि मोठ्या दंडाच्या माणसालाही स्वेटर नीट बसतो तो त्यामुळे.

पण मी म्हणते ती युक्ती बाहीची. आपल्याकडे बाही मनगटापासून सुरू करून वर विणायची पद्धत. गॅन्सीची बाही खांद्यावरून टाके उचलून खाली मनगटाकडे विणत. कारण साधं: दोरखंडांनी मनगट आधी झिजायचं. बाही मनगटाशी संपत असेल तर शेवटचं टोक सोडवून, झिजलेला भाग उसवून, नवीन लोकरीने पुन्हा विणता येतो. मनगटापासून सुरू केलेली बाही त्या टोकाने सरळ उसवतच नाही. आज वरून खाली विणण्याचे जे नमुने लोकप्रिय आहेत ते याच जातीचे, फक्त आता मनगट झिजत नाही, मुलं वाढतात.

भाचीच्या मुलाचा स्वेटर मी दोन वर्षांपूर्वी असा वरून खाली विणला होता. या नोव्हेंबरात बाह्या कोपराच्या जरा खाली येऊन थांबल्या. दोन्ही मनगटांची टोकं सोडवली, बॉर्डर उसवली, टाके सुईवर घेतले आणि अडीच-अडीच इंच वाढवून पुन्हा बॉर्डर विणली. जुना गुंडा संपलेला, दुकानात तो निळा आता मिळत नाही, म्हणून त्यातल्या त्यात जवळचा घेतला. जोडाची रेघ स्पष्ट दिसते, नवीन निळा थोडा उजळ आहे. पोरगा ती रेघ सगळ्यांना दाखवतो आणि सांगतो, इथपर्यंत मी बालवाडीत होतो.